सासूच्या जात्याचा नांगर

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे नवऱ्याला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण एक दिवस मी त्याला रक्त येईपर्यंत चावेन, असं आम्हां दोघांनाही वाटलं नव्हतं.

नाशिकच्या वरच्या अंगाला धरण झालं आणि नवऱ्याचं गाव पाण्याखाली गेलं. माणसं काठावर येऊन राहिली, शेतकऱ्यांनी मासे धरायला सुरुवात केली. माझी सासू गावातल्या घरातच वारली होती. घर सोडताना त्याने तिच्या जात्याचा वरचा दगड तेवढा उचलून आणला आणि त्याच्या भोकातून दोरी ओवून होडीचा नांगर केला. रात्री पाण्यावर थांबायचं झालं की तो बुडालेल्या घरावरच नांगर टाकायचा. तिथे म्हणे त्याला झोप चांगली लागे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. परतीच्या पावसाचे दिवस, धरण काठोकाठ भरलेलं. दोन वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही पलीकडच्या काठावरच्या माझ्या माहेराहून परत निघालो होतो. मध्यावर आलो आणि आभाळ फाटलं. वाऱ्याने पोत्यांचं शीड टराटरा फाडलं, वस्ती दिसेनाशी झाली. वारा ढकलतोय तिकडे, कडेच्या चिखलात होडी रुतवू, असं मी ओरडून सांगितलं.

"आपल्या घरावर थांबू," तो म्हणाला. "खाली आई हाय. काय बी होणार नाय."

दगड खाली गेला आणि कुठेतरी घट्ट अडकला. दोरी आखूड पडली. लाटेबरोबर होडीचं तोंड वर येईना, प्रत्येक लाट आत यायला लागली. लेक गुडघाभर पाण्यात किंचाळत होती. मी कोयता उचलला, तर त्याने दोरीवर हात आडवे टाकले.

"आईचं जातं हाय ते!"

"सोडा म्हणते ना! सोड मेल्या, पोरगी बुडतेय!"

तो सोडेना. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली. त्याने मला कोपराने हाणलं, माझा ओठ फुटला, पण त्याचा हात सुटला होता. मी दोन घावांत दोरी तोडली. वाऱ्याने आम्हांला फरफटत नेऊन चिखलात आदळलं. रात्रभर मी लेकीला पोटाशी धरून बसले. तो पाठ करून बसला होता. त्यानंतर कित्येक दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मलाही त्याची दया आली नाही.

पुढे दुष्काळ पडला आणि उन्हाळ्यात गाव उघडं पडलं. आम्ही तिघं चालत त्याच्या घरापाशी गेलो. दारातल्या वठलेल्या चिंचेच्या बेचक्यात जात्याचा दगड रुतून बसला होता, तुटक्या दोरीसकट.

मला वाटलं, आता हा तो काढून घेणार. त्याने दगडावरचा चिखल हाताने पुसला. मनगटावर माझ्या दातांचे व्रण तसेच होते. लेक शेजारी उभी राहून चिंचेची साल सोलत होती. तिच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"आईनं आपल्याला खाली ठेवूनच घेतलं असतं गं," तो मला म्हणाला, आणि दगड तिथेच ठेवून त्याने लेकीला खांद्यावर घेतलं.