बिनठशाचा नान

काश्गरात राहून ज्याने कुमुशकाकूच्या हातचा नान खाल्ला नाही, त्याने काही खाल्लंच नाही, असं आमच्या गल्लीत म्हणत. मी तिच्या समोरच्या घरात नांदायला आले तेव्हापासून बघतेय, आधी काकूचं तोंड सुटायचं, मग भट्टी पेटायची. कमरेला मिठाची चामडी पिशवी. ती सुनेच्या हातीही कधी दिली नाही.

ज्याने आपल्या घरचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उचलायचा नाही, मग तो चोर का असेना. आम्ही सगळे हे लग्नकार्यात बोलून दाखवायचो. कुमुशकाकू ते पाळायची.

मग तो खान आला. मंगोलांच्या भीतीने पळून आला, ज्याने आसरा दिला त्या सासऱ्याचंच राज्य लाटलं आणि आमच्या मुळावर उठला. ऐन कापणीत शेतं जाळली, अजान बंद केली आणि घराघरात एकेक शिपाई आणून बसवला. त्याला आम्हीच जेवू घालायचं आणि त्याने आमच्यावरच नजर ठेवायची. काकूचा मुलगा याकुब बंदी मोडून छपरावर अजान द्यायला चढला. त्याला मारून वेशीच्या दरवाजावर टांगला आणि उतरवूही दिला नाही. त्याची बायको सेविंच तेव्हा पोटुशी होती.

त्यानंतर त्यांच्या घरात बुरगुत नावाचा शिपाई येऊन राहिला. याकुबला मारणाऱ्यांत तो नव्हता, तेव्हा तो यारकंदला होता. काकूला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिला खानाचा एक माणूस हवा होता आणि तो घरबसल्या मिळाला होता.

तेव्हापासून ती कणीक दोनदा मळू लागली. घरच्या नानावर पिसांच्या दांड्यांची जुडी टोचून नक्षीचा ठसा. बुरगुतचा नान वेगळा, बिनठशाचा, आळणी. रश्शातही त्याची वाटी आधी काढायची, मीठ त्यानंतर.

"म्हातारे, हे काय गवत रांधलंस?" तो ओरडायचा.

"तुझ्या खानानं मिठाच्या वाटा बंद केल्यात. जा, त्याला विचार."

"समोरच्या घरात बरं मिळतं मीठ!"

"मग तिकडं जाऊन मर ना मेल्या!"

तो हसायचा आणि खायचा. माझ्याजवळ मात्र काकू मन मोकळं करायची. "माझा दिवस येईल गं. त्या दिवशी माझा हात बांधलेला नसला पाहिजे."

दुष्काळात सेविंचचं दूध आटलं. बाळ रडायचंही विसरलं होतं. मग कुठून तरी घोडीचं दूध येऊ लागलं आणि पोर तरलं. माहेराहून येतं, असं सेविंच सासूला सांगायची. तिच्या माहेरी घोडी सोडा, कोंबडी उरली नव्हती. पण नातू हसायला लागल्यावर काकूने जास्त चौकशी केली नाही.

एके दिवशी मंगोल स्वार वेशीपर्यंत आले. खान आधीच पळाला होता. ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा, अशी त्यांनी दवंडी पिटली आणि गल्लीत एकदम शिपायांची कापाकापी सुरू झाली. आमच्या शिपायाला माझ्या दिराने जेवताना कुऱ्हाड घातली. आमच्या मिठाचा घास त्याच्या तोंडातच होता.

बुरगुत तबेल्यातून पळत सुटला आणि थेट काकूच्या घरात शिरला. मी त्यांच्या उंबऱ्याशी पोचले तेव्हा तो भट्टीमागे दबून बसला होता. काकूने भट्टीची टोकदार सळई उचलली होती. तिचा चेहरा लग्नघरातल्या बाईसारखा उजळला होता, देवाशपथ.

सेविंच मध्ये आली. "सासूबाई, थांबा. त्यानं आपलं मीठ खाल्लंय."

"खोटं! माझ्या हातानं एक कण दिला नाही."

"मी दिलंय. तुम्ही नमाजाला पिशवी सोडून ठेवता तेव्हा घ्यायचे. त्याच्या घोडीचं दूध पिऊन तुमचा नातू जगला, सासूबाई. मग मी त्याला आळणी कसं घालू?"

काकू पिशवी चाचपत राहिली. मग तिने सळई खाली ठेवली. बुरगुत रडत तिच्या पायांना हात लावू लागला. मला वाटलं, सुटला बिचारा. काकू त्याला ओलांडून दारात आली आणि माझ्या दिराला हाक मारली.

"अरे, या इकडं! आमच्या घरात एक आहे. आमचे हात मिठानं बांधलेत. तुमचे मोकळे आहेत ना?"

चौघे आत घुसले. काकू दाराला पाठ लावून उभी राहिली. तिने त्याला बोटसुद्धा लावलं नाही, आणि हे ती पुढे अभिमानाने सांगायची. माझ्या मते सळई मारली असती तर ते बरं होतं.

सेविंचने फरशी धुतली. घर सोडून गेली नाही, जाणार कुठे? वयाने काकूचे हात थरथरू लागले तेव्हा भट्टी सुनेकडे आली आणि मिठाची पिशवीही. पहिल्याच दिवशी सेविंचने सासूपुढे नान ठेवला. त्यावर ठसा नव्हता.

काकूने तुकडा मोडला, तोंडात घातला आणि सुनेकडे बघितलं. मरेपर्यंत तिला रोज तसाच नान मिळाला. एवढी तोंडाळ बाई, पण तिने एकदाही मीठ मागितलं नाही. फक्त रात्री ती सुनेकडे पाठ करून कधीच झोपली नाही.