सातवा चिंचोका

घाई ही गोष्ट ज्याच्या अंगात घालायला देव साफ विसरला, असा एकच माणूस मी आजवर पाहिला आणि तो नेमका माझ्या सासुरवाडीत निघाला. माझ्या बायकोचे थोरले मामा. गाव वैजापूरकडचं, घरी शेती, कांदा, कापूस, सगळं रीतसर. पण मामा तरुणपणी शहरात आले ते वाळूजच्या एका कारखान्यात तपासनीस म्हणून. पुढची सगळी नोकरी त्यांनी लोखंडी सुटे भाग मापून त्यांच्यावर 'पास' किंवा 'रिजेक्ट' असा शेरा मारण्यात घालवली. सुरुवातीला ते छावणीत खोली घेऊन राहायचे आणि शेजारी एक म्हाताऱ्या ख्रिस्ती बाई पियानो शिकवायच्या. मामा आधी भिंतीपलीकडून ऐकत, मग दारात उभे राहून ऐकायला लागले आणि एक दिवस आतच जाऊन बसले. बाई शहर सोडून लेकीकडे गेल्या तेव्हा पियानो मामांच्या स्वाधीन करून गेल्या, आणि सोबत स्वतःच्या हाताने लिहिलेली दोन पानांची एक चाल. मामांनी सिडकोत बैठं घर घेतलं तेव्हा पुढची खोली पियानोची झाली. पाहुणे तेव्हापासून स्वयंपाकघरात बसतात. वैजापूरचे धाकटे भाऊ पहिल्यांदा आले तेव्हा पियानोभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दादा, ह्या जागंत चाळीस गोण्या कांदा बसला असता." मामांनी त्यांची नखं पाहिली आणि ती वाढलेली आहेत म्हणून त्यांना पियानोला हात लावू दिला नाही.

नखं हा मामांच्या आयुष्यातला फार मोठा विषय. माणसाच्या चेहऱ्याकडे बघण्याआधी ते त्याच्या बोटांकडे बघतात. माझ्या मेहुणीसाठी मुलगा पाहायला आम्ही गेलो होतो, तेव्हा पगार, शेती, घर अशी सगळी विचारपूस झाल्यावर मोठ्यांनी मानाने मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "जरा हात पुढं करा." मुलाला वाटलं, मामा ज्योतिषी आहेत, त्याने भक्तिभावाने तळहात पुढे केला. मामांनी तो उलटा केला, मनगट दोनदा वरखाली हलवून पाहिलं आणि गंभीरपणे सांगितलं, "चौथं बोट कमजोर हाय. पण सुधरल." लग्न झालं, संसार छान चालला आहे, चौथ्या बोटाचं पुढे काय झालं ते मात्र मामांनाच ठाऊक.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो माझ्याच हौसेपायी. मुलीने हट्ट करून घेतलेला की-बोर्ड दोन महिन्यांत माळ्यावर गेला आणि चाळिशी ओलांडलेल्या मला तो खाली काढून शिकायची लहर आली. क्रांती चौकाजवळच्या माझ्या ऑफिसातून सुटलो की मामांकडे जायचं, असं ठरलं. पहिल्या दिवशी मी उत्साहाने पियानोसमोर बसायला गेलो तर मामांनी मला खांद्याला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि जेवणाच्या टेबलापाशी बसवलं. पहिले तीन महिने टेबलावर! त्यांनी खिशातून एक लहान मोसंबी काढून माझ्या पंजाखाली ठेवली. हाताला तिच्यावर जो बाक येतो तोच बाक वाजवताना राहिला पाहिजे. मग ती काढून घ्यायची आणि एकेक बोट उचलून टेबलावर टाकायचं, बाकीची चार न हलवता. मी मन लावून करू लागलो की मान ताठ, खांदे कानापर्यंत आणि दात आवळलेले. "जावईबापू," मामा कळवळून म्हणत, "खिळे ठोकायलात का? मनगट सैल. आहिस्ता. लई आहिस्ता." नात्याने जावई, त्यामुळे मला ओरडताना ते आदर सोडत नसत. दहा मिनिटं झाली की सराव बंद, कारण थकलेला हात चुकीचं शिकतो आणि चुकीचं शिकलेलं जन्मभर निघत नाही, असं त्यांचं ठाम मत. मग ती मोसंबी पिळून तिचा रस मला मिळे. तीन महिन्यांत माझी बोटं किती सुधारली माहीत नाही, तब्येत मात्र सुधारली.

स्वतः मामांना टेबलही लागत नाही. सिग्नलला स्कूटर थांबली की हँडलवर त्यांची बोटं सुरू होतात. पंगतीत बसले की वाढप्या येईपर्यंत पत्रावळीच्या कडेवर डावा हात चालू असतो. एकदा कुणाच्या दहाव्याला सगळे माना खाली घालून बसले होते आणि मामांचा उजवा हात मांडीवर अतिशय शांतपणे, न चुकता, चालीची दुसरी ओळ वाजवत होता. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, मामा जप करतायत. त्याने हात जोडले.

पण या सगळ्यांवर ताण म्हणजे चिंचोके. पियानोच्या डाव्या कडेला मामांचे सात चिंचोके असतात, वर्षानुवर्षांच्या हाताळण्याने गुळगुळीत झालेले. चालीचा एखादा तुकडा बिनचूक वाजला की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे जातो. सातही गेले की तुकडा पास. पण मध्ये एक चूक झाली, एक बोट किंचित घसरलं, तरी गेलेले सगळे चिंचोके परत डावीकडे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आधी उजवा हात वेगळा, मग डावा वेगळा, मग दोन्ही मिळून, तेही निम्म्या वेगाने. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि त्या दिवशी घराघरांत लगीनघाई असते. एकदा मामी भाजीला गेल्या असताना पाणी आलं तेव्हा मामांचे सहा चिंचोके गेलेले होते. ते उठले नाहीत. सातवा गेला तोवर पाणी गेलं होतं. तो आठवडा दोघांनी टँकरवर काढला.

मामी बिडकीनच्या. बोलण्यात मामांच्या चौपट, आणि त्यांच्या चौपट वेगाने. मामा कारखान्यात असताना त्यांनी मामींना शब्द दिला होता की रिटायर झालो की ही चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत तुला वाजवून दाखवीन. रिटायर होऊन सात वर्षं झाली तरी मामींनी ती चाल अखंड ऐकली नव्हती. चार पट्ट्या इकडच्या, चार तिकडच्या, हजारदा ऐकलेल्या. कणीक मळताना त्या उजव्या हाताचा भाग गुणगुणायच्या आणि भांडी घासताना डाव्याचा. "माझ्या डोक्यात हा हात एकीकडं अन् तो हात एकीकडं," त्या मला म्हणायच्या, "दोघांचं लगीन कवा लागायचं, ते इचारा तुमच्या गुरूला." मी विचारलं की मामांचं उत्तर ठरलेलं, "शेवटच्या तुकड्याचे सहा जायलेत. सातव्याला कुठंतरी रिजेक्ट निघतंय. होईल. घाई काय हाय?"

घाई होती, आणि ती मला माहीत होती.

एका दुपारी मी गेलो तेव्हा मामा मोसंब्या आणायला गेले होते. दार उघडंच होतं. मी दोनदा कडी वाजवली, हाक मारली. मामी पाठमोऱ्या बसून मेथी निवडत होत्या, त्यांनी वळून पाहिलं नाही. मी समोर जाऊन उभा राहिलो तेव्हा त्या दचकल्या आणि मग हसल्या. कानाची नस हळूहळू जातेय, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. यंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं थोडंफार कळेल, पण गाणं-बजावणं सगळं भांडी आपटल्यासारखं ऐकू येईल. अजून वर्षभर बरं चालेल, पुढचं सांगता येत नाही.

"मामांना सांगितलं?" मी मोठ्याने विचारलं.

"नाय. अन् तुमीबी सांगायचं नाय." मामींनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "ह्यान्ला कळलं तर घाई करतील. सारी जिंदगी त्या माणसानं घाई केली नाय. माझ्यापायी हात बिघडायचा त्यांचा. होईल तवा होईल."

मी हो म्हणालो. का म्हणालो, याचा मी नंतर फार विचार केला. मामींच्या शब्दाचा मान राखला, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मामांच्या तोंडावर ते सांगण्याची मला भीती वाटली. मग मी आडून आडून सुचवत राहिलो, मामा, एकदा होऊ द्या की, चुकलं तर चुकलं. ते माझ्याकडे असे बघत की जणू मी त्यांना वाकडा भाग पास करायला सांगतोय. त्यांना स्वतःहून काही कळलं नाही, कारण पियानोपाशी बसले की त्यांना फक्त बोटं दिसत. तिथूनच ते ओरडत, "ऐकलं का?" आणि मामी घड्याळ पाहून आतून अंदाजाने म्हणत, "व्हय!"

दीड वर्षाने एका रविवारी सकाळी मामांचा फोन आला. सातवा चिंचोका गेला होता. मी आणि बायको पोचलो तेव्हा मामांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मामींना पियानोशेजारी खुर्ची दिली होती. त्यांनी हात ठेवले आणि वाजवलं. मला त्यातलं फार कळत नाही, पण इतकं कळलं की त्या तीन-चार मिनिटांत कुठेही ओढाताण नव्हती. एवढा म्हातारा माणूस आणि हात पाण्यासारखे चालत होते. माझी बायको रडायला लागली. शेवटचा सूर विरला आणि मामा वळले.

"मनगट सैल व्हतं तुमचं," मामी म्हणाल्या. "शेवटपोत्तर. लई झ्याक."

मामांचा चेहरा फुलला. "अन् शेवटची ओळ? जलद झाली का हळू?"

"व्हय," मामी हसून म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या.

लाखो भाग तपासलेला माणूस तो. मामी पाठमोऱ्या होताच मामांनी सगळ्यात डावीकडची, खर्जाची पट्टी जोरात दाबली. खोली घुमली, माझी बायको दचकली. मामी आपल्या चालीने आत गेल्या.

मामांनी त्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं, जावईबापू?"

"हो."

"कवापासून?"

"दीड वर्ष झालं."

त्यांनी चिंचोक्यांकडे पाहिलं. "दीड वर्षामागं सहा जायलते की हो," ते म्हणाले. "सहावर वाजवलं असतं मी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते मी दीड वर्ष बोललो नाही. आजही क्रांती चौकात सिग्नलला थांबलो की ते आठवतं आणि मला वाईट वाटतं.

मामांची शिकवणी अजून चालू आहे, पण आता मला ते पियानोपासून लवकर उठवतात. "जेवढं येतं तेवढं घरी जाऊन लेकीला ऐकवा," म्हणतात, "नीट मागाहून करू." सराव मात्र त्यांनी सोडलेला नाही. मामी आता दुपारी पियानोच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसतात, जिथून हात नीट दिसतात. चिंचोके सरकवायचं काम त्यांनी आपणहून घेतलं आहे. मामांचे हात मांडीवर आले की वाजवून झालं, असं समजून त्या एक चिंचोका उजवीकडे नेतात.

गेल्या आठवड्यात मी तिथे होतो. मामांचं चौथं बोट दुसऱ्या ओळीत घसरलं, इतकं स्पष्ट की माझ्यासारख्यालाही ऐकू आलं. हात मांडीवर आले. मामींनी चिंचोका उचलून उजवीकडे ठेवला आणि मोठ्या खुशीत मामांकडे पाहिलं. मामांनी चिंचोक्याकडे पाहिलं, मग मामींकडे. त्यांनी मान डोलावली, चिंचोका तिथेच राहू दिला आणि पुन्हा पहिल्या पट्टीवर हात ठेवले.