दादाचा गोळ्यांचा डबा

"डबा कुठाय माझा? कोणी नेला डबा?"

माझा थोरला चुलतभाऊ भर दुपारी अंगणात उभा राहून ओरडत होता. आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या कुशीत. तिथून त्याचा आवाज घाटात घुमला आणि महाबळेश्वरहून उतरणाऱ्या एका ट्रकवाल्यानं हॉर्न समजून गाडी कडेला घेतली, हे मी शपथेवर सांगतो. जन्मभर एसटी चालवून निवृत्त झालोय, मला हॉर्नमधलं कळतं.

"तूच नेलास रे," दादा माझ्या ओटीकडं वळला. "पहिल्यापासून तुझा डोळा हाय त्याच्यावर."

वाडीतली यच्चयावत माणसं माझ्याकडं बघायला लागली. डोळा होता, हे खोटं नाय. वर्षभर मी त्या डब्यापायी असा जळत होतो की माझ्या पाठीवर भाकरी टाकली असती तर फुगून आली असती.

डबा साधाच, बिस्किटांचा, पत्र्याचा. आत दुखण्यावरच्या गोळ्या. मुंबईला कामाला असलेली पोरं गणपतीला येताना घरच्यांसाठी काही ना काही औषधपाणी आणतात, अशी आमच्याकडची पद्धत. कोणी बाम आणतं, कोणी तेल. माझा मुलगा बनियन आणतो. दादाचा मुलगा मात्र मुंबईत एका मेडिकल दुकानात लागलेला. त्यानं बापाच्या गुडघ्यांसाठी डबाभर गोळ्या आणल्या. ना डॉक्टर, ना कागद. संपत आल्या की ओळखीच्या गाडीतून नवं पुडकं पोलादपूरच्या स्टँडवर उतरायचं.

त्या गोळ्या खाऊन दादानं जे काय केलं ते बघवत नव्हतं. कापणीला भाताचे भारे डोक्यावर घेऊन असा पळायचा की रायगडाच्या रोपवेनंही त्याच्याशी शर्यत लावू नये. शिमग्याला पालखी खांद्यावर घेऊन एवढी नाचवली, की देवीलाच घेरी आली असणार. मी पाठ धरून कडेला उभा. घाटातली वळणं घेऊन घेऊन माझा कणाच वळणदार झालाय. आणि शेजारी आमची बायको म्हणते, "थोरले भावोजी बघा, अजून पोरगेच हायत." लग्न झाल्यापासून माझ्याबद्दल ती असलं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

संध्याकाळी त्याच्या ओटीवर दरबार भरायचा. कोणाची कंबर, कोणाची दाढ. दादा डबा मांडीवर घेऊन पुजाऱ्यानं तीर्थ द्यावं तशी एकेकाच्या हातावर गोळी ठेवायचा. मी गेलो तर म्हणाला, "तुला अर्धी बास. जन्मभर गाडीत बसूनच तर होतास." अपमान गिळला आणि अर्धी गोळीही गिळली. काय सांगू, कोणीतरी आंबेनळीचा रस्ता दोन्ही टोकांना धरून ताणला आणि सगळी वळणं सरळ झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर म्हणाला, "आता पुढचं पुडकं आल्यावर."

मग मीही इरेला पेटून महाड गाठलं. दादानं टाकलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट औषधवाल्यापुढं आपटलं आणि म्हटलं, असला डबाभर माल द्या.

"काका, ही अफूच्या कुळातली गोळी," तो म्हणाला. "डॉक्टरांचा कागद लागेल."

अर्धा रायगड जिल्हा माझ्या गाडीतून फिरलाय, कदाचित तुम्ही जन्माला येताना तुमच्या आईलाही मीच दवाखान्यात पोचवलं असेल, असं मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं पुन्हा कागदच मागितला. डॉक्टरकडं गेलो. त्यांनी पाठ तपासली, मोजक्या गोळ्या लिहिल्या, पट्टा दिला आणि उताणं पडून पाय वर करायचा व्यायाम शिकवला. गोळ्या संपल्यावर गेलो तर म्हणाले, आता नुसता व्यायाम. डबा सोडा, माझ्या गोळ्यांनी काडेपेटीसुद्धा भरली नसती. मी ओटीवर उताणा पडून पाय वर करायचो आणि समोरून दादा डबा खुळखुळवत विचारायचा, "रिव्हर्स पडत नाय काय रे?"

कापणी सरली, शिमगाही सरला, दादाची गोळी मात्र सरेना. एकीच्या दोन झाल्या, मग किती ते डब्यालाच ठाऊक. दरबार त्यानं आपणहून बंद केला. आता कोणाला एक द्यायची त्याची तयारी नव्हती. जेवताना ताट अर्ध्यावर सारायचा. सकाळी संडासाला गेला की वाडीची न्याहारी उरकायची तरी हा आतच. दुपारी बोलता बोलता मान टाकायचा, विडी बोटातच विझायची. मला तर त्या झोपेचाही हेवा वाटला. पुडक्याला उशीर झाला की त्याचं नाक गळायचं, हातपाय कापायचे, मे महिन्यात गोधडी घेऊन कुडकुडायचा. आम्हाला वाटलं, हिवताप. पण पुडकं आलं की ताप गायब. वहिनीनं ते दोनदा पाहिलं आणि कोणाला न सांगता महाडला माझ्याच डॉक्टरांकडं गेली.

ओरडाआरडा झाला त्याच दिवशी सकाळी ती पदराखाली डबा घेऊन माझ्या दारात आली.

"त्यांना सवय लागलीया म्हणतात डॉक्टर," ती म्हणाली. "एकदम थांबवली तर हाल होतील. थोडी थोडी कमी करायची. उद्या घेऊन जाते त्यांना. पण डबा आता त्यांच्या हाती नको. भावोजी, तुम्ही ठेवा."

"माझ्याकडं? सगळे माझ्यावरच आळ घेतील."

"घेऊ देत. दुसरं कोण पण त्यांचं रडणं बघून देईल. तुम्ही जळता त्यांच्यावर. तुमच्या हातून एक जादा सुटायची नाय."

माझ्या गुणांची एवढी अचूक पारख जन्मात कोणी केली नव्हती. मी डबा तांदळाच्या कणगीत पुरला.

त्यामुळं दुपारी दादा अंगणात माझ्यावर आळ घेत होता तेव्हा तो आळ चांगला खराखुरा होता. मी तोंड उघडणार तोच वहिनी मध्ये आली. "मीच दिलाय त्यांच्याकडं. डॉक्टर सांगतील तेवढीच मिळंल."

दादानं तिला शिव्या दिल्या, मला दिल्या, आमच्या सामाईक आजोबालाही सोडलं नाही. मग एकदम खाली बसला आणि त्यानं माझे पाय धरले. "एकच दे रे. एकच." पालखी नाचवणारे ते हात माझ्या घोट्यांना विळखा घालून होते. मी दिली नाही. कळ सोसून वाकलो आणि त्याची बोटं एकेक करून सोडवली.

पुढं पावसाळाभर स्टँडवरचं पुडकंही मीच उतरवून घेतलं, रोज त्याला डॉक्टरांच्या मापानं गोळी दिली, समोर उभं राहून गिळायला लावली. माप घटत गेलं. वाडी त्याच्यासाठी पेज आणायची, कोंबडीचा रस्सा आणायची. माझ्या पाठीसाठी कोणी उकडलेलं अंडंसुद्धा आणलं नव्हतं.

गणपतीला त्याचा मुलगा आला. बाप वाळून काठीसारखा झाला होता, पण आरतीला उभा होता. मी पोराला मागच्या पडवीत गाठलं आणि साठवलेलं सगळं ऐकवलं. महाडच्या औषधवाल्यानं मला, एसटीच्या ड्रायव्हरला, कागदाशिवाय एक गोळी दिली नाही, आणि तू बापाला डबेच्या डबे पाठवलेस. कशाला पाठवलेस?

तो पायातली चप्पल काढत होता. दुसरी काढून झाल्यावर म्हणाला, "मिळत होत्या, काका."