लांबलेली मधली सुट्टी

शाळा हे ज्ञानमंदिर असते. शिंदखेड्यातल्या आमच्या मंदिरात एक नियम होता: पाहुण्यांचं भाषण संपल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

मी सहावीत होते. टाईप-वन मधुमेह. सकाळी सातला आई इन्सुलिन टोचायची, साडेदहाला मधल्या सुट्टीत डबा खायचा. इन्सुलिन पाहुण्यांसाठी थांबत नाही.

त्या दिवशी पाहुणे बाराला आले, डबा तोवर बंद. शाळेतली सगळ्यांत हुशार मुलगी कोण, म्हणाले. मला उभं केलं.

"सतराचा पाढा म्हण, बाळ."

सतरा. चौतीस. पुढे सगळं पांढरं. घाम फुटला, हात थरथरायला लागले. पाढा पाठ होता. कुठे ठेवलाय तेच सापडेना.

"ही हुशार, तर बाकीची कशी असतील?" पाहुणे म्हणाले. मुलं हसली. मुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळे नाना म्हणत, माईकवरून खुलासा केला, "हिला शुगर आहे, साहेब. डोक्यावर परिणाम झालाय."

मग मी पडले. शुद्धीवर आले ती धुळ्याच्या दवाखान्यात. डॉक्टर आईला सांगत होते, "साखर कमी पडली की मेंदूचं काम अडतं. एकदा झालं तर पोर सावरते. पण लहान वयात साखर पुन्हा पुन्हा फार खाली किंवा फार वर गेली, तर लक्ष आणि स्मरण कायमचं मागे पडू शकतं."

आई नानांकडे गेली, आमच्या अहिराणीतच म्हणाली, "नाना, मनी पोर हुशार शे. तिले भूक लागेल व्हती."

"पोरीला त्रास नको, अक्का," नाना म्हणाले. सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेच्या यादीतून माझं नाव त्यांनी आधीच काढलं होतं.

तेव्हापासून रोज उठल्यावर मी डोकं तपासायचे. तापी, पांझरा, बुराई, गिरणा. एखादी नदी उशिरा आठवली की पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. आजही ओळखीचं नाव आठवायला मला जरा वेळ लागतो. वयामुळे की त्या दुपारमुळे, कुणी खात्रीने सांगत नाही.

पुढच्या वर्षी पाहुणे पुन्हा उशिरा आले. भाषण सुरू झालं. मी मनात नद्या म्हणायला लागले. तापी. पांझरा. पुढे काही नाही.

पहिल्या रांगेत बसून मी डबा उघडला.

नाना वाकून कुजबुजले, "बंद कर तो. पाहुणे बोलताहेत."

"बोलू द्या."

"नाव काढून टाकीन शाळेतून."

"काढा," म्हटलं, आणि दुसरा घास घेतला. मेंदू माझा आहे. कुणाच्या मानापानासाठी तो उपाशी ठेवायचा नाही. तेव्हा नाही, आजही नाही.

पाहुणे पाऊण तास बोलले. विषय होता, बालकांचे आरोग्य.