वाडग्यांपासून लांब नेलेली चूल

त्या सकाळी आम्ही दोघा नवराबायकोनं चूल उचलून घरामागं नेली. मातीची, म्हातारीनं स्वतः थापलेली. एक कड तिच्याकडं, एक माझ्याकडं.

“नीट धरा, कड खाली चाललीय तुमची.”

खाली चालली होती तिचीच. पण तसं बोललो असतो तर चूल माझ्या पायावर आली असती.

हा उद्योग दारातल्या वाडग्यांपायी. आमचं घर शेवगावकडं, धरणाच्या फुगवट्याला लागून. दारातून पलीकडचा काठ दिसत नाही. विद्यापीठातल्या एका मॅडमनी अंगणात खांब रोवून स्टीलचे दोन वाडगे टांगले होते. खालचा उताणा, त्यावर मोठा पालथा, आत भाकरीएवढा स्पंज. फटीतून हवा जाते आणि हवेतलं विष स्पंजला चिकटतं. पाण्याभोवतीच्या गावागावांत असे वाडगे. त्यावरून एवढ्या मोठ्या पाण्यावरच्या हवेत किती विष आहे, याचा अंदाज काढायचा. आम्ही तरुणपणी पिकावर उधळलेली पावडर म्हणे अजून मातीतून, पाण्यातून उठून हिंडते.

“तुमच्यावरच गेलीय,” म्हातारी म्हणाली. “घरी यायचं नावच न्हाई.”

मॅडमची अट एकच, जवळ धूर नको. म्हातारीनं ती शेजाऱ्यांनाही लावली. कुणी उसाचं पाचट पेटवलं की ही बांधावर हजर. दर सोमवारी मॅडमला फोन करून सगळ्यांच्या चुगल्या सांगायची. त्या सकाळी वारं फिरलं, धूर वाडग्यांकडं यायला लागला, म्हणून चूल मागं.

दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

माणसं जमली. तिच्या अंघोळीचं पाणी तापवायला दारातच तीन दगड मांडले. लाकडं ओली. मेव्हण्यानं आमच्याकडं पेटवणाला घालतात तशी ठिबकची जुनी नळी तोडून खाली सारली. भडका झाला, आणि काळा धूर सरळ वाडग्यांवर.

मी म्हणालो, “जाळ मागं न्या.”

“दाजी, भान हाय का? पानी कुनासाठी तापतंय?”

“तिच्यासाठीच. म्हणून मागं न्या.”

बायका डोळ्याला पदर लावून माझ्याकडं बघत राहिल्या. म्हातारा गेला कामातून, असं वाटलं असणार. पण हंडा हलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमला फोन लावला. “काल आमच्या दारात नळी जळली. धूर वाडग्यांवर गेला.”

“अरेरे. किती वेळ हो, बाबा? थांबा, आजींना द्या, त्या नीट सांगतील.”

“ती गेली. तिच्याच पाण्याचा जाळ होता.”

मॅडम हळूच म्हणाल्या, “राहू द्या बाबा तो स्पंज आता.”

“राहू द्या कसं? लिहून घ्या. चहाला उकळी यायला लागतो, तेवढा वेळ. नळी हातभर. वारं पाण्याकडनं.”

त्यांनी लिहिलं. मी वाचून दाखवायला लावलं. ‘नळी हातभर’ लिहायचं राहिलं होतं, ते घालायला लावलं, मग फोन ठेवला.