एकवीस युरोचं बक्षीस

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्वदीर्घाशी माझी ओळख चौथीतच सुटली, तेव्हा वाचणाऱ्याने माफ करावं. तसं वाचणार कोणी नाही. ही वही मी प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) पिठाच्या डब्यामागे ठेवते, आणि या घरात पीठ फक्त मीच मळते.

त्या डिसेंबरात मला आयर्लंडमधल्या नावन गावी मुलाकडे येऊन दोन महिने झाले होते. नात ईरा पाच वर्षांची. करोनात घरातच वाढलेली. सप्टेंबरात शाळेत गेली ती तोंडाला कुलूप लावूनच. घरी अखंड बडबड, बाहेर एक शब्द नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, "शी'ज ग्रँड, वेळ द्या तिला." (इथे ठीकठाक असलं की ग्रँड म्हणतात.) पण माझी सून प्राची आतून खंगत चालली होती. तिने ठरवलं, नाताळात ईराला नाटकाला न्यायचं, चार माणसं दाखवायची.

लॅपटॉपवर तीन नाटकं निघाली. एकात पऱ्या नाचत होत्या. एकात बाहुल्या होत्या. तिसऱ्यात एक आडदांड बाप्या गालाला लाली फासून, घेरदार झगा घालून उभा होता.

"हे," मी म्हटलं.

"आई, हे पँटो आहे, इथलं नाताळातलं धिंगाणा-नाटक. फार आरडाओरडा असतो त्यात. शिवाय राक्षस आहे. ही घाबरेल हो."

"राक्षसाशिवाय नाटक कसलं?"

मी घरात कधी मत देत नाही, त्यामुळे दिलं तेव्हा प्राचीला मोडता येईना. खरं कारण मी सांगितलं नाही. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत दशावतारी नाटक व्हायचं. त्यात राणी बाप्याच असायचा, आणि आमच्या आयांपेक्षा चापूनचोपून लुगडं नेसायचा. गाणं रंगलं की लोक पुढे जाऊन त्याला बक्षीस द्यायचे. माझे बाबा भारी लाजाळू. ते माझ्या मुठीत पैसे कोंबायचे आणि म्हणायचे, "जा गो, दिवन ये." मीही लाजाळूच होते, पण मला विचारतो कोण? (लाजणं आमच्याकडे पिढीजात आहे. दुसऱ्याला पुढे ढकलणंही.)

हॉलमध्ये दर दोन कुटुंबांच्या मधल्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क. मला बरंच वाटलं. असं झाकलेलं तोंड मला आयुष्यभर हवं होतं. ईरा माझ्या पदरात शिरून बसली.

मग झगेवाल्याने गाणं धरलं. तोच ठुमका, तीच वेळावलेली मान! माझे डोळे भरले. हात आपोआप पर्सकडे गेला. वीसची नोट काढली, वर शकुनाचा एक युरो ठेवला. प्राची वाकून ईराचा खाली पडलेला कोट उचलत होती, तेवढ्यात मी पोरीच्या मुठीत पैसे कोंबले.

"जा गो, दिवन ये."

आणि ती गेली.

प्राचीने डोकं वर काढलं. "आई, ईरा कुठाय?"

"बक्षीस द्यायला गेलीये."

"कोणाला?" तिने स्टेजकडे पाहिलं. "अहो आई, इथे असं नसतं!"

गाणं थांबलं. झगेवाल्याने नोट दिव्यासमोर धरली, नाणं चावून बघितलं आणि वाकून विचारलं, "हे कोणी दिलं गं, पेट?" (इथे पोरांना लाडाने पेट म्हणतात.)

ईरा गप्प. प्राचीने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. मला वाटलं, संपलं. आता ही पोर आयुष्यभर बोलणार नाही, आणि सून माझ्याशी.

ईराने बोट केलं. तिच्या त्या आयरिश इंग्रजीत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "माय आजी. ती बघा, खुर्चीखाली चाललीये."

मी खरंच चालले होते. तेवढ्यात मोठा दिवा फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला.

मग राक्षस आला. त्याने नोट आणि नाणं हिसकावलं, टोपीत घातलं आणि पळत सुटला. सगळी पोरं ओरडायला लागली, "गिव्ह इट बॅक!" त्यात सर्वांत मोठा गळा स्टेजच्या पायरीवर उभ्या असलेल्या आमच्या मुकीचा. प्राची हसत होती की रडत होती, मास्कमुळे कळेना.

पोरांच्या ओरडण्यापुढे राक्षस हरला. खाली आला, हातभर अंतर राखून माझ्यासमोर गुडघ्यावर बसला आणि नोट पुढे केली.

"नको, नको," मी मराठीतच म्हटलं. दिलेलं बक्षीस परत घेतात का कुठे? वर बाबांना काय तोंड दाखवू?

तो हलेना. दिवाही हलेना. शेवटी घेतली. टाळ्या पडल्या. राक्षस जायला वळला, तर त्याच्या वाटेत ईरा, कमरेवर हात ठेवून.

"अँड द वन युरो."

बिचाऱ्याने खिसे उलटे केले, बूट काढून झटकला, शेवटी टोपी आपटली तेव्हा नाणं टणकन पडलं. ईराने ते उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी बोटं मिटली.

त्यानंतर ती शाळेत इतकं बोलू लागली की बाई आता तिला जरा गप्प बसायला शिकवा म्हणतात. आणि मी? रंगलेल्या गाण्याला दिलेलं बक्षीस, शकुनाच्या नाण्यासकट, दिव्याच्या झोतात पुरतं वसूल करणारी आमच्या घराण्यातली पहिली.