काळ्या-पांढऱ्या फोटोतली हळद

सत्तरच्या दशकात सांगलीत माझा फोटो स्टुडिओ होता. एकदा पेठेतले हळदीचे एक व्यापारी स्टुडिओत पोतं घेऊन आले. दुकानात लावायला त्यांना हळदीच्या राशीचा मोठा फोटो हवा होता. "रंग दिसला पायजे बघ. आमच्या हळदीचा रंग कवा उडत न्हाई!" असं त्यांनी मला बजावलं.

रंगीत फिल्म तेव्हा धुवायला मुंबईला पाठवावी लागे, आणि दुसऱ्यानं धुतलेल्या फिल्मवर माझा काडीचा भरवसा नव्हता. साधा काळा-पांढरा फोटो काढला, तर हळकुंडं नदीतल्या गोट्यांसारखी काळी आली. लेन्सवर पिवळी काच लावली, तर तीच हळकुंडं शेंगांच्या टरफलांसारखी फिकट पडली. मग मी इरेलाच पेटलो. मनात आलं, रंग म्हणून हळदच लावून बघितली तर? एक हळकुंड कुटलं, स्पिरिटमध्ये भिजवलं आणि कापसाच्या बोळ्यानं प्रिंटवर हलकेच फिरवलं. रास अशी उजळली की मीच बघत बसलो. व्यापारी खूश होऊन फोटो घेऊन गेले आणि त्यांनी तो दुकानाच्या दाराशी, भर उन्हात टांगला.

महिनाही झाला नसेल, व्यापारी तो फोटो काखेत मारून तणतणत आले. रास पुन्हा करडी झाली होती.

"कुठल्या भिकार दुकानातली हळद लावलीस रं?"

मी कोपऱ्यातलं, त्यांच्याच पेढीचा छाप असलेलं पोतं तेवढं पुढं ओढलं.